फाटलेला पडदा शिवणारी कमिटी

तारखांचे आकडे माझ्या वहीत आहेत. येथे मी सण आणि वार सांगतो, कारण आमच्या गावात माणसे आकडे नाकारतात. सण नाकारण्याची सोय त्यांना नाही.

पोळ्यानंतरचा पहिला रविवार. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कमिटीने 'उपासनामंदिराची दुरुस्ती व सुशोभीकरण' हा ठराव एकमताने मंजूर केला. जबाबदार : कमिटीचे अध्यक्ष, आणि ठरावाचा मसुदा लिहून देणारा एक इसम. त्या इसमाविषयी पुढे योग्य जागी सांगेन.

दसऱ्याचा आदला दिवस. मंदिराच्या दाराला काळ्या दगडाचा उंबरा बसवला गेला. जबाबदार : अध्यक्ष.

नाताळच्या आधीचा शनिवार. प्रभुभोजनाच्या मेजासमोर जवळजवळ भिंतीपासून भिंतीपर्यंत जांभळा पडदा टांगला गेला. जबाबदार : तो टांगणारे अध्यक्ष, आणि त्यावर प्रार्थना करून त्याला पवित्र ठरवणारे पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू.

नव्या वर्षाचा पहिला रविवार. माझ्या थोरल्या बहिणीला त्या पडद्यापाशी अडवून परत पाठवण्यात आले. जबाबदार : अध्यक्षांचा आडवा हात, पाळकांचे मौन, आणि जागेवरून न उठलेली सारी मंडळी.

कापणीचा सण. त्या दिवशी जे घडले त्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवण्यासाठीच मी हे लिहीत आहे.

मी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात कारकून होतो. मिसली, म्हणजे खटल्यांच्या फायली, लावल्या, पाने मोजली, समन्सांवर शिक्के मारले. माणूस बोलतो काय यापेक्षा त्याने लिहून काय दिले आहे, हे पाहण्याची सवय मला तिथे लागली. निवृत्तीनंतर मी पत्रे लिहितो. एसटीच्या आगाराला लिहिले, वीज कार्यालयाला लिहिले, पाणीपुरवठ्याला लिहिले. त्या सर्वांनी, कधी उशिरा का होईना, मुद्द्याला धरून उत्तर दिले. माझ्या हयातीत ज्यांनी प्रश्नाला उत्तर म्हणून आशीर्वाद पाठवला असे एकच कार्यालय मला भेटले, आणि ते आमच्या मंडळीच्या कमिटीचे आहे.

आमचे गाव मुरूमच्या बाजाराला पायी जाता येईल इतक्या अंतरावर आहे. गावाच्या कडेला, पूर्वी जिथे गावकूस संपत असे त्याच्या पलीकडे, आमचे उपासनामंदिर आहे. दगडी भिंती, वर पत्रा, आत एक लांब मेज आणि बसायला सतरंज्या. पाहुणा आला की त्याला पहिल्यांदा काही जाणवत नाही. मग दुसऱ्यांदा आत जाताना त्याचा पाय उगाच उचलला जातो आणि तो खाली पाहतो. दाराला उंबरा नव्हता. बाहेरची जमीन सरळ आत शिरत होती.

हा गवंड्याचा विसराळूपणा नव्हता. आमचे आजे-पणजे गावकुसाबाहेरचे. कोणत्याही पवित्र वास्तूत ते कधी शिरले नाहीत. पायरीच्या खाली चपला काढायच्या, वाकायचे, मातीला कपाळ टेकायचे आणि उठून चालू लागायचे, एवढाच त्यांचा देवाशी व्यवहार. ते ख्रिस्ती झाले आणि त्यांनी स्वतःचे मंदिर बांधायला घेतले, तेव्हा गवंड्याने विचारले, "उंबरा केवढा ठेवू?" 

माझे आजोबा म्हणाले, "ठेवूच नको."

"बिनउंबऱ्याचं घर? आत विंचूकाटा यील की."

"येऊ दे. आमीबी येणार हाव."

हे संभाषण मी ऐकलेले नाही, पण घरी ते इतक्या वेळा सांगितले गेले की कोर्टात मी त्याची साक्ष दिली असती आणि उलटतपासणीत टिकलोही असतो.

आता ज्या पडद्यावरून हा सारा वाद आहे त्याचा अर्थ सांगणे भाग आहे. कमिटीला तो ठाऊक नाही, आणि इतर वाचकांना तो ठाऊक असण्याचे कारण नाही.

यरुशलेमात यहुदी लोकांचे एक मंदिर होते. ते त्यांचे होते, त्यांना प्राणाहून प्रिय होते, दोनदा ते शत्रूने जमीनदोस्त केले आणि त्याचे दुःख त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. त्याविषयी मी एक उणा शब्द लिहिणार नाही. त्या मंदिराची रचना एकात एक अंगणे अशी होती, आणि सर्वांत आत परमपवित्रस्थान होते. त्याच्या तोंडावर जाड पडदा असे, आणि त्या पडद्याच्या आत वर्षातून एका दिवशी, एकच माणूस, महायाजक, जात असे. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेप्रमाणे प्रभूने एका शुक्रवारी वधस्तंभावर प्राण सोडला त्या क्षणी तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. वरपासून, हा शब्द ध्यानात घ्यावा. माणूस फाडतो ते खालून, हात पोहोचतो तिथून. वरून फाटला म्हणजे आतल्याने, देवानेच, फाडला. आमच्या धर्माचा सारा अर्थ त्या फाटण्यात आहे : आता मध्ये कोणी नाही, दाराशी कोणी नाही, आणि देवाचे मंदिर म्हणजे दगडांची इमारत नसून प्रभूचे शरीर, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारी जिवंत माणसे.

हे मला कोणत्याही मोठ्या धर्मपंडिताने शिकवले नाही. गावच्या शाळेचे मास्तर रविवारी दुपारी आम्हा मुलांना शास्त्र शिकवीत. एकदा त्यांनी चुलीतली राख आणून मंदिराच्या फरशीवर सारा नकाशा काढला. चौकटीत चौकट. मग आम्हाला उभे केले. सर्वांत बाहेर परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले. त्यांत मी होतो. त्याच्या आत मुली. त्याच्या आत मोठी मुले. मेजाजवळच्या शेवटच्या चौकटीत कोणीच नाही.

"हे बायांचं अंगण," मास्तर माझ्या बहिणीला म्हणाले. तेव्हा ती दहा वर्षांची असेल. "हिच्याफुडं बाईनं जायाचं न्हाय."

अक्काने शेवटच्या रिकाम्या चौकटीकडे पाहिले. "मग आत झाडायला कोण जातं?"

मास्तर इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले. मग त्यांनी कोपऱ्यातला फडा उचलून तिच्या हाती दिला आणि म्हणाले, "जा. तूच जा. त्या शुक्रवारी प्रभूनं हेच केलं."

अक्काने त्या शेवटच्या चौकटीपासून सुरुवात केली आणि दारापर्यंत सगळ्या रेषा झाडून काढल्या. उंबरा नव्हता, त्यामुळे राख अडली नाही. सरळ बाहेर गेली. परमपवित्रस्थान काय असते आणि ते कुठे गेले, हे मला त्या दिवशी जेवढे समजले तेवढे नंतर कोणत्याही प्रवचनाने समजले नाही.

तेव्हापासून गेल्या नाताळपर्यंत ते मंदिर अक्काच झाडत आली. लग्न गावातच झाले, नवरा लवकर गेला, मूल झाले नाही; ती माझ्याकडेच राहते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी. त्याच्या आदल्या दिवशी ती मेजावरचा पांढरा कपडा धुवायची, सकाळी सर्वांच्या आधी जाऊन तो अंथरायची, चारी कोपरे हाताने ओढून सारखे करायची आणि मेजावर एकदा पालथा तळवा ठेवायची. या तळव्याचे कारण मी तिला कधी विचारले नाही. पाळक आले आणि बदलून गेले, अध्यक्ष आले आणि निवडणुकीत पडले. कपडा मात्र तिनेच अंथरला. आता तिला कानांनी कमी ऐकू येते, पाठ वाकली आहे, मेजाची कड तिला छातीशी लागते. तिला या जगाकडून आणखी काही हवे आहे असे मी ऐकलेले नाही. एवढा एक कपडा.

आता अध्यक्षांकडे येतो. ते सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहेत, माझ्याहून वयाने लहान. दोन वर्षांपूर्वी ते पवित्र भूमीच्या सहलीला गेले होते. परत आले ते एका विलक्षण आजाराने ग्रासलेले. त्यांना जिथे-तिथे यरुशलेम दिसू लागले. सहलीत कुठेतरी प्राचीन मंदिराची प्रतिकृती दाखवतात. तिचे एक छोटे प्लास्टरचे रूप त्यांनी आणले. त्याचे छप्पर निघते. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ते ठेवलेले आहे, आणि घरी आलेल्या प्रत्येक माणसाला चहाच्या आधी ते छप्पर काढून दाखवले जाते.

"बघा मामा," मला दाखवताना ते म्हणाले होते, "काय शिस्त! प्रत्येकाची जागा ठरलेली. आणि आपल्याकडं? शेळ्या आत येतात, पोरं मेजाखाली लपतात. पावित्र्य म्हणून काही राह्यलंय का?"

"गुरुजी, तो पडदा पुढं फाटला ना?"

"हो, ते आहेच," ते म्हणाले आणि छप्पर परत बसवले.

'ते आहेच.' अख्ख्या धर्मश्रद्धेला या गृहस्थांनी दोन शब्दांत बाजूला सारले. हजारो मैल उडून गेलेला हा माणूस त्या भूमीवरून काय घेऊन आला, तर जे तिथे आता नाही त्याचे माप. आणि त्या मापात तो आम्हाला बसवायला निघाला.

उंबरा प्रथम आला. दगड घडवलेला, वीतभर उंच. मी हरकत घेतली तेव्हा सांगण्यात आले की पावसाचे पाणी आत येते. पाणी येत होते हे खरे आहे. आमचे आजोबा ते पाणी फडक्याने पुसत होते हेही खरे आहे. मग नाताळच्या तोंडावर पडदा आला. तो मुरूमच्या एका शिंप्याकडे शिवला होता. मी मुद्दाम जाऊन त्या शिंप्याला भेटलो, कारण साक्षीदार तपासल्याशिवाय मत बनवणे मला जमत नाही.

"मंगल कार्यालयाचे पडदे शिवतो आमी," तो म्हणाला. "म्या म्हनलं, मधी फट ठिवतो, मानसाला आतबाहेर कराया बरं पडंल. तर गुरुजी म्हनले, न्हाय, अखंड पायजे. म्हनलं, मग आत जायचं कसं? तर म्हनले, ज्याला जायाचं त्याला बाजूनं वाट ठिवलीय."

"तुम्हाला काय वाटलं?"

"मला काय वाटायचं साहेब? पर मधी फट नसलेला पडदा म्या पैल्यांदाच शिवला."

या शिंप्याचा धर्म माझा नाही. पण पडदा मध्ये उघडला पाहिजे एवढे त्याच्या हाताला कळले, आणि आमच्या कमिटीतल्या सात डोक्यांना कळले नाही. त्याला मी निर्दोष सोडतो.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी अक्का धुतलेला कपडा काखेत धरून गेली. उंबऱ्यापाशी तिला हात द्यावा लागला. उंबरा बसल्यापासून, आयुष्यात पहिल्यांदा, त्या दारात तिला कोणाच्या हाताची गरज लागत होती. आत मंडळी त्या दिवशी तिच्या आधीच जमली होती, आणि पडद्यापाशी अध्यक्ष उभे होते. त्यांनी हात आडवा केला. ठरले होते की आत पाळक आणि कमिटीचे सभासदच जातील, स्त्रिया नाहीत. कपडा अध्यक्षांकडे द्यावा, ते अंथरतील.

अक्काला नीट ऐकू आले नाही. ती बाजूच्या वाटेने निघाली. अध्यक्षांनी मोठ्याने पुन्हा सांगितले, इतक्या मोठ्याने की मागच्या सतरंजीवरच्या लेकरांनाही ऐकू गेले. पाळक प्रार्थनेची पाने उलटत होते. ते तरुण आहेत, त्यांची बदली अध्यक्षांच्या शिफारशीवर अवलंबून आहे, आणि ते पाने फार एकाग्रतेने उलटतात.

अक्काने कपडा दिला. मग माझ्याकडे वळून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारले, "मंग आत झाडायला कोण जातं?"

कोणी हसले नाही. तिला सत्तर वर्षांपूर्वीचे ते आठवले होते की नाही, मला ठाऊक नाही. त्या रविवारी मी प्रभुभोजन घेतले नाही, उठून बाहेर आलो. अक्का दाराबाहेरच्या लिंबाखाली बसली. त्यानंतर ती दर रविवारी तिथेच बसू लागली. आत गाणी चालू असत आणि ती बाहेर, एक ओळ मागून, म्हणत असे.

मी कमिटीला चार पत्रे पाठवली, चारही नोंदणीकृत, पोचपावत्या माझ्याकडे आहेत. पहिल्यात एकच प्रश्न होता : पडद्याला ख्रिस्ती शास्त्रात कोणता आधार आहे? उत्तर आले, 'आपल्या भावनांचा कमिटी आदर करते. प्रभू आपणास शांती देवो.' मी भावना कळवल्या नव्हत्या आणि शांती मागितली नव्हती. दुसऱ्या पत्रात मी हे नमूद केले. उत्तर तेच, फक्त शांतीच्या जागी आरोग्य होते. तिसऱ्या आणि चौथ्या पत्राला उत्तर नाही. चौथ्यानंतर मात्र उपासना संपल्यावर खास सभा बोलावण्यात आली. अक्का नेहमीप्रमाणे बाहेर होती. दार उघडे होते.

मी माझे म्हणणे मांडले. अध्यक्षांनी शांतपणे ऐकले; शाळा चालवलेल्या माणसाला दुसऱ्याचे न ऐकताही शांत बसता येते. मग ते म्हणाले, "मामा, तुम्ही कायद्याची माणसं. कायद्यानंच बोलू. काम ठरावाप्रमाणं झालंय का?"

"ठराव दुरुस्तीचा होता."

"दुरुस्ती व सुशोभीकरण." त्यांनी वही उघडली आणि वाचले. "'...तसेच मेजासमोरील जागेचे पावित्र्य राखण्यासाठी अध्यक्षांना योग्य वाटेल ती व्यवस्था करणे.' एकमतानं मंजूर. अक्षर कोणाचंय हे?"

मी चष्मा लावून वहीत पाहिले.

"सांगा की मामा. सगळ्यांना ऐकू द्या."

"माझं," मी म्हणालो.

वर ज्या इसमाचा उल्लेख केला तो इसम मी. पोळ्यानंतरच्या त्या रविवारी अध्यक्षांनी माझ्याकडे एक गबाळा मसुदा आणला होता. क्रियापदे चुकलेली, 'पावित्र्य' मोडके लिहिलेले. मी तो वाचला तो फक्त भाषेसाठी. 'राखण्यासाठी' नीट केले, 'योग्य वाटेल ती' हे शब्द माझ्या हाताने घातले, कारण तसे लिहायची कचेरीत पद्धत आहे. कसली व्यवस्था, हे विचारायचे मला सुचले नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांतली अशी मोकळी दारे मी शोधली, आणि आमच्या आजोबांच्या दारात उंबरा येईल अशी वाट मीच लिहून दिली, सुवाच्य अक्षरात. कमिटीविषयी मला जी तुच्छता वाटते तिच्यातला एक वाटा माझा आहे, तो मी नाकारत नाही. मात्र माझी चूक शाबीत झाली म्हणजे त्यांची सुटका झाली, असा अर्थ कोणत्याही कोर्टात निघत नाही.

सभेत मागून कोणीतरी म्हणाले, "मग भांडताव कशाला मामा? तुमचाच ठराव!" आणि हशा पिकला. अध्यक्षांनी वही मिटली. सभा बरखास्त.

घरी जाताना अक्काने विचारले, "काय झालं रं?"

"हरलो."

"कुणी हरवलं?"

"मीच."

"व्हय तर," ती म्हणाली. "तुला दुसरं कोण हरवतंय, वकीलसाहेब."

मग कापणीचा सण आला. आमच्याकडे ज्वारी निघाली की पहिल्या खळ्यातली कणसे, हरभऱ्याचा डहाळा, अंडी, भोपळा, ज्याच्याकडे जे असेल ते घेऊन प्रत्येकजण मेजापर्यंत चालत जातो आणि स्वतःच्या हाताने मेजाशी ठेवतो. बाई असो, पोर असो. गावातली ख्रिस्ती नसलेली शेतकरी घरेही शेजारधर्माने एखादी पेंढी पाठवतात, आणि आणणारा स्वतः आत येऊन ती ठेवतो. असा प्रघात पहिल्यापासून आहे. यंदा पडद्याच्या बाहेर एक घमेले ठेवले होते. त्यात टाकायचे, कमिटी आत नेणार.

अक्का म्हणाली, "मी येते." मला वाटले, तिने लिंबाखालचे बसणे सोडले. मला बरे वाटले. तिने पाच कणसांची जुडी बांधली, जुडीचा दोरा दोनदा फिरवला. आम्ही निघालो. दाराशी पोचलो तेव्हा आत गाणे चालू होते आणि लोक ओळीने घमेल्याकडे जात होते. मी तिच्यासमोर हात धरला, उंबरा चढायला.

तिने हात धरला नाही. ती उंबऱ्याच्या अलीकडे थांबली. चपला काढल्या, त्या एकाशेजारी एक नीट लावल्या. मग आधीच वाकलेली ती पाठ आणखी वाकवून तिने कणसे उंबऱ्याबाहेर मातीत ठेवली, आणि त्या मातीला कपाळ टेकले.

हे तिला कोणी शिकवले नव्हते. ती जन्मली तेव्हापासून या दाराला उंबरा नव्हता. आमच्या आजीने असे केलेले तिने लहानपणी फार तर एखाद्या दुसऱ्या पायरीशी पाहिले असेल. पण दगड आडवा आला आणि तिच्या अंगाला पिढ्यांपूर्वीचे ते वाकणे आपोआप आठवले. तीन पिढ्यांनी मोठ्या कष्टाने विसरलेली गोष्ट वीतभर दगडाने परत आणली. माझ्या हातातला भोपळा खाली पडून फुटला. तो आवाज आत गेला असणार, कारण दारातली चार माणसे वळली. त्यांनी पाहिले. त्यांतले दोघे माझ्याच वयाचे होते आणि त्यांनी काय पाहिले हे त्यांना कळले होते, कारण त्यांनी मान लगेच फिरवली.

"अक्का, उठ," मी म्हणालो. "असं नको करू. आपलंच हाय हे."

ती उठली. कपाळाला माती होती. "व्हय का?" ती म्हणाली. एवढेच. ते विचारणे उपहासाचे नव्हते; ती खरोखर विचारत होती, आणि माझ्याकडे दाखवायला एकही कागद नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती अंथरुणाला खिळली. ताप फार नव्हता, पण तिने जेवण सोडले. मी पाळकांना निरोप पाठवला की आजारी माणसाला घरी प्रभुभोजन देणे त्यांचे कर्तव्य आहे. ते एकटेच आले, पिशवीत भाकर आणि छोटा पेला घेऊन, इकडेतिकडे पाहत. अक्काने त्यांना पाहिले आणि उशाखालून काहीतरी ओढून काढले. मेजावरचा कपडा. जुना, आधीचा, विरलेला. नवा अध्यक्षांकडे गेला होता. हा तिने ठेवला होता. तिने तो बाजेवर, स्वतःच्या मांड्यांवर अंथरला, चारी कोपरे ओढून सारखे केले आणि त्यावर पालथा तळवा ठेवला.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "पडदा न्हाय का आणला?"

पाळकांनी पिशवी खाली ठेवली. "नाही, बाई."

"मग बसा की. बाजेला उंबराबी न्हाय."

ते बसले. बाजेच्या कडेवर, तिच्या पायाशी. त्यांनी प्रार्थना म्हटली. भाकर तिच्या हातावर ठेवताना त्यांनी मान खाली घातलेली होती. त्या बाजेशी आम्ही तिघे होतो, आणि यरुशलेमातल्या त्या मंदिराऐवजी देवाने नंतर काय बांधले असे मला कोणी विचारले, तर मी ती बाज दाखवीन. पाळक जाताना मी त्यांना उंबऱ्यापाशी, म्हणजे माझ्या घराच्या उंबऱ्यापाशी, अडवले आणि विचारले, "हे तुम्ही रविवारी सर्वांसमोर सांगाल का?" त्यांनी चपला घातल्या, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "काका, तुम्ही लिहा." तेव्हा मी लिहितो आहे.

अक्का आता उठून बसते. पातळ भाकर-दूध खाते. तिने मला सांगितले आहे की उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ती येणार, आणि बाहेर बसणार नाही. तिला मी खुर्चीत बसवून दोन माणसांच्या मदतीने नेणार आहे.

त्या शुक्रवारी, प्रभूच्या मरणाचा वृत्तांत वाचण्याची आमच्या मंडळीत परंपरा आहे. त्यात ते वाक्य येते. कोणीतरी ते मोठ्याने वाचते की मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. यंदा ते वाचणाऱ्याच्या पाठीशी, दोन हातांवर, मुरूमचा जांभळा अखंड पडदा टांगलेला असेल.

माझी मागणी अशी आहे. तो उतारा अध्यक्षांनी स्वतः वाचावा. पाळकांकडे ढकलू नये, लहान मुलाकडे देऊ नये, आजारी पडू नये. मंडळीसमोर उभे राहून ते वाक्य पूर्ण वाचावे, आणि वाचून झाल्यावर खाली बसण्याआधी, सतरंजीवरच्या सर्वांना आणि पुढे खुर्चीत बसलेल्या माझ्या बहिरट बहिणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगावे की जो पडदा देवाने फाडला तो कोणाच्या अधिकाराने त्यांनी शिवून टांगला. 'अध्यक्षांना योग्य वाटेल ती व्यवस्था' हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही. ते शब्द माझे आहेत आणि मी ते याद्वारे परत घेतो. आशीर्वादही उत्तर म्हणून चालणार नाही. उत्तर लेखी नको, पोचपावती नको. उभे राहून, तोंडी, सर्वांसमोर.

अक्का कपडा घेऊन येईल.